हैदराबादचे हबीब, कोलकात्याचे बडे मियाँ

१५ ऑगस्ट २०२३ चा दिवस. सकाळी झेंडावंदन झाले, शाळेतल्या मुलांना मिठाई वाटून आम्ही घरी परतलो. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणांच्या गर्दीत एक लहानशी बातमी आली. भारताचे माजी फुटबॉलपटू मोहम्मद हबीब यांचा हैदराबाद येथे इंतकाल झाला. वय ७४ वर्षे. गेली काही वर्षे ते विस्मरणाच्या व कंपवाताच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते.

आम्ही ही बातमी मोहल्ल्यातल्या तरुण मुलांना सांगितली. ही मुले रात्र रात्र जागून युरोपातले सामने बघतात, मेस्सी आणि रोनाल्डो यांच्यावरून भांडतात, त्यांच्या नावाचे बनियन घालून मैदानात उतरतात. त्यांनी सरळ विचारले, "कोण हबीब?" आम्हाला त्यांचा राग आला नाही. लाज वाटली ती स्वतःची. कारण आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते.

त्याच वेळी कोलकात्यात मात्र पांढऱ्या केसांची माणसे हळहळत होती. एरवी ज्यांचे एकमेकांशी पटत नाही, अशा तीन क्लबांचे चाहते एकाच माणसासाठी दुःख करीत होते. ईस्ट बंगाल म्हणत होता, आमचा हबीब गेला. मोहन बागान म्हणत होता, आमचा गेला. मोहम्मडन स्पोर्टिंगही तेच म्हणत होता. एका हैदराबादी मुसलमानासाठी बंगालच्या तीन घरांत एकाच वेळी सुतक पडावे, ही गोष्ट साधी नाही. ती कशी घडली, याचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

रहीमसाहेबांची जमीन

हबीब यांचा जन्म १७ जुलै १९४९ चा, हैदराबादचा. म्हणजे संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर दहा महिन्यांनी. आपल्या मराठवाड्यातील वाचकांना हैदराबाद परके नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. आजही त्या भागातल्या अनेक घरांत बोलली जाते ती दखनी आणि हबीब यांच्या घरात बोलली जाणारी दखनी यांत फार अंतर नाही. म्हणून हबीब हे आमच्या दृष्टीने दूरच्या शहरातले नव्हे, तर शेजारच्या आळीतलेच होते.

१९४८ नंतरचा काळ हैदराबादच्या मुसलमानांसाठी कठीण होता. सत्ता गेली होती, जागीरदारी गेली होती, नोकऱ्या गेल्या होत्या. समाजाचा आत्मविश्वास खचला होता. अशा वेळी त्या शहराने देशाला काय दिले, हे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचित सापडते. त्या शहराने देशाला फुटबॉल संघ दिला.

सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. स्वतः खेळलेले आणि खेळ शिकवण्याची विलक्षण हातोटी असलेले. १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. हे सामने आपल्या मुंबईत, कूपरेजच्या मैदानावर झाले, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ च्या दिल्लीच्या आणि १९६२ च्या जकार्ताच्या एशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईचे. जकार्ताहून परतल्यावर वर्ष पुरे होण्याआधीच, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब कर्करोगाने वारले. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव प्रथमच कळले.

रहीमसाहेब गेले तेव्हा हबीब तेरा वर्षांचे होते. त्यांच्या राष्ट्रीय संघात खेळण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पण रहीमसाहेबांनी नांगरून ठेवलेल्या जमिनीतच हे रोप उगवले. हबीब यांच्या घरात फुटबॉल हा जणू घरचा धंदाच होता. त्यांचे अनेक भाऊ फुटबॉल खेळले. त्यांपैकी धाकटे मोहम्मद अकबर पुढे कोलकात्यात फार मोठे नाव कमावून गेले. १९६५-६६ च्या हंगामात आंध्र प्रदेशाने बंगालला नमवून संतोष ट्रॉफी जिंकली. त्या संघात हबीब होते. बंगालच्या पारखी नजरांनी हा पोरगा तेव्हाच हेरून ठेवला.

निर्वासितांचा क्लब

१९६६ साली हबीब ईस्ट बंगाल क्लबात दाखल झाले. वय अवघे सतरा. हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन हेही त्याच सुमारास त्या क्लबात आले. आता हा क्लब कोणाचा, हे पाहिल्याशिवाय या घटनेचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

ईस्ट बंगाल क्लबाची स्थापना १ ऑगस्ट १९२० ची. पूर्व बंगालमधून कोलकात्याला आलेल्या लोकांचा हा क्लब. फाळणीनंतर या लोकांची संख्या लाखांनी वाढली. घरदार, शेतीवाडी, तळी, नारळीच्या बागा सोडून हे हिंदू निर्वासित कोलकात्याच्या कडेकडेला वसाहती करून राहिले. ज्या भूमीतून ते उखडले गेले, ती आता पूर्व पाकिस्तान झाली होती. त्यांच्या मनातल्या जखमा ताज्या होत्या. जानेवारी १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात आणि पाठोपाठ कोलकात्यात दंगली उसळल्या. दोन्हीकडे माणसे मारली गेली, दोन्हीकडे घरे जळाली. सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध झाले. अशा युद्धानंतर भारतीय मुसलमानाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे आम्ही वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि बरोबर त्यानंतरच्या हंगामात, त्या निर्वासितांच्या लाल-पिवळ्या बनियनमध्ये हबीब नावाचा मुलगा मैदानात उतरला.

काय व्हायला हवे होते? आजच्या हिशेबाने पाहिले तर त्याची हुर्यो उडायला हवी होती. प्रत्यक्षात झाले उलटे. त्या वर्षी ईस्ट बंगालने कलकत्ता लीग जिंकली आणि स्टँडमधल्या त्या बेघर झालेल्या लोकांनी हैदराबादच्या मुलाला आपल्या घरात घेतले. पुढे १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे ईस्ट बंगालने लीग जिंकली. यातल्या १९७४ पर्यंतच्या यशात हबीब यांचा मोठा वाटा होता. १९७० साली आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने तेहरानच्या पास क्लबाला हरवले. परदेशी संघावरचा तो विजय जुने चाहते आजही ईदच्या चंद्रासारखा आठवतात.

या लोकांनी हबीब यांना नाव दिले 'बडे मियाँ'. आम्हाला या नावापाशी थोडे थांबावेसे वाटते. 'मियाँ' हा शब्द आपण मराठी मुसलमानांनी लहानपणापासून ऐकला आहे. घरात तो आदराचा असतो. बाहेर मात्र अनेकदा तो टोमण्यासारखा येतो. ऐकल्यावर मान खाली जावी, अशा स्वरात तो उच्चारला जातो. कोलकात्याच्या मैदानावर हजारो हिंदू बंगाली माणसे तोच शब्द प्रेमाने, विश्वासाने हाकारीत होती. संघ मागे पडला की बडे मियाँ काहीतरी करतील, अशी त्यांची खात्री असे. शब्द तोच, पण तो कोण, कोणासाठी आणि कोणत्या स्वरात उच्चारतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. ही गोष्ट आपल्या समाजशास्त्रज्ञांनी नोंदवण्यासारखी आहे.

तीन बनियन, एक माणूस

हबीब एकाच क्लबात राहिले नाहीत. १९६८ नंतर ते मोहन बागानकडे गेले, मग पुन्हा ईस्ट बंगालकडे आले. १९७५ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगकडून खेळले. १९७६ मध्ये अकबर आणि ते दोघेही मोहन बागानमध्ये होते. त्या वर्षी लीगच्या सामन्यात अकबर यांनी ईस्ट बंगालवर अवघ्या १७ सेकंदांत गोल केला आणि मोहन बागानने सहा वर्षांनी लीग परत मिळवली. १९७७ साली मोहन बागानने आयएफए शील्ड, रोव्हर्स करंडक आणि ड्युरँड करंडक हे तिन्ही जिंकले. यातला रोव्हर्स आपल्या कूपरेजचा. आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध चाचा सांगतात की, त्या काळी कोलकात्याचा संघ आला की कूपरेजच्या बाहेर दुपारपासून रांग लागे. हबीब मैदानावर उतरले की आधी ते नजरेतच भरत नसत, कारण अंगकाठी बेताची; पण दहा मिनिटांत नजर त्यांच्यावरून हटत नसे.

मोहम्मडन स्पोर्टिंगचा इतिहास वेगळा आहे. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबाने १९३४ साली कलकत्ता लीग जिंकली आणि ती जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे त्याने ही लीग जिंकली. गोऱ्या पलटणींच्या संघांना बुटांनिशी आणि डावपेचांनिशी हरवणाऱ्या या संघाने देशभरच्या मुसलमानांना मान ताठ करायला शिकवले. मुंबईतही १९३७ साली 'बंगलोर मुस्लिम्स' या संघाने रोव्हर्स करंडक जिंकला, तेव्हा तो जिंकणारा पहिला भारतीय संघ एक मुस्लिम संघ होता. या गोष्टींचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो काळ फाळणीकडे जाणाराही होता. स्टँडमधला जयघोष आणि राजकारणातली घोषणा यांतली रेघ पुष्कळदा पुसट होत होती. खेळातला अभिमान कुठे संपतो आणि जमातवाद कुठे सुरू होतो, हा प्रश्न त्या पिढीला सुटला नाही.

हबीब यांच्या कारकिर्दीत या प्रश्नाचे एक उत्तर दडले आहे, असे आम्हाला वाटते. ते मोहम्मडनमध्येही खेळले, पण केवळ मोहम्मडनचे होऊन राहिले नाहीत. मुसलमान म्हणून त्यांनी काही लपवले नाही. नाव, भाषा, रीतीरिवाज सगळे जसेच्या तसे ठेवले. पण ज्या दिवशी जे बनियन अंगावर असेल त्याच्याशी ते पूर्ण इमान राखत. आज ज्या क्लबातून गेले, उद्या त्याच क्लबावर गोल करीत. आणि तरीही परत आले की लोक त्यांना खांद्यावर घेत. कारण चाहत्यांना ठाऊक होते की, हा माणूस नव्वद मिनिटांत काही हातचे राखत नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी फुटबॉलपटू पोलीस, रेल्वे, बँक किंवा एखादी कंपनी यांत नोकरी धरीत. खेळ म्हणजे नोकरीला लावलेले तोरण. मुंबईतही मफतलाल, ऑर्के अशा गिरण्यांचे व टाटांचे संघ याच पद्धतीने चालत. खेळाचे दिवस सरले की नोकरीचा आधार राही. हबीब यांनी तो आधार नाकारला. फुटबॉल हाच आपला पेशा, असे ठरवून ते त्यावरच जगले. म्हणून अनेक जाणकार त्यांना भारताचा पहिला खराखुरा व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणतात. वेळेवर झोपणे, पहाटे सराव, सामन्याआधी गप्पाटप्पा बंद, ही त्यांची शिस्त सहकाऱ्यांना कधी कधी जाचक वाटे. पण तीच त्यांची पुंजी होती.

पेले यांच्यासमोर

२४ सप्टेंबर १९७७. ईडन गार्डन्स. पावसाने मैदान चिखल झालेले. एका बाजूला न्यूयॉर्क कॉसमॉस, त्यात साक्षात पेले आणि कार्लोस अल्बर्टो. दुसऱ्या बाजूला मोहन बागान, मार्गदर्शक पी. के. बॅनर्जी. अवघे कोलकाता पेले यांना डोळे भरून पाहण्यासाठी लोटले होते.

सहकारी सांगत की, सामन्याआधी बाकीचे खेळाडू पेले यांच्या दर्शनाने हरखून गेले असताना हबीब यांचे म्हणणे एवढेच होते: तेही खेळाडू, आपणही खेळाडू. मैदानात त्यांनी ते खरे करून दाखवले. श्याम थापा यांनी एक गोल केला, हबीब यांनी दुसरा. मोहन बागान २-१ ने पुढे गेला. शेवटी पेनल्टीच्या गोलावर कॉसमॉसने २-२ अशी बरोबरी साधली. त्यानंतर आठवड्यानेच, १ ऑक्टोबरला, पेले यांनी आपला निरोपाचा सामना खेळला.

या सामन्याची आठवण कोलकाता अजून जपून आहे. आमच्या मते त्यामागे गोलापेक्षा ती नजर जास्त आहे. मोठ्या माणसाचा आदर करावा, पण त्याच्यासमोर वाकू नये. मनात न्यूनगंड घेऊन वावरणाऱ्या कोणत्याही समाजाला ही नजर हवी असते.

हबीब भारतासाठी १९६५ ते १९७६ या काळात खेळले. १९७० च्या बँकॉक एशियाई स्पर्धेत भारताने जपानला हरवून कांस्यपदक मिळवले. कर्णधार हैदराबादचेच नईमुद्दीन, संघात हबीब. एशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघाला फुटबॉलचे पदक मिळाले ते त्या वेळी. त्यानंतर अर्धे शतक उलटले तरी दुसरे मिळालेले नाही. १९८० साली हबीब यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळ थांबवल्यावर जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत त्यांनी मुले घडवली. नंतर ते आपल्या हैदराबादला परतले.

आठवण कोणाची जबाबदारी?

शेवटच्या वर्षांत या माणसाची स्मृती हळूहळू हरवत गेली. ज्यांच्या एकेक गोलाची तारीख हजारो लोकांना तोंडपाठ होती, त्यांना स्वतःला मात्र ते सारे आठवेनासे झाले. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. माणसाची आठवण नेहमी त्याच्यापाशीच असते असे नाही. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांपाशी ती अमानत म्हणून ठेवलेली असते. कोलकात्याच्या चाहत्यांनी ती अमानत सांभाळली.

योगायोग असा की, हबीब यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, कोलकात्याचे फुटबॉलप्रेमी दरवर्षी एक दुःखद स्मरण करतात. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात दंगल व चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मरण पावले. खेळावरचे प्रेम द्वेषात पालटले की काय होते, हे त्या दिवशी दिसले. म्हणजे ज्या मैदानाने बडे मियाँना मिठीत घेतले, त्याच मैदानावर माणसे एकमेकांच्या अंगावरही धावली. आम्ही कोलकात्याला स्वर्ग म्हणत नाही. मैदान माणसांना आपोआप एकत्र आणते, हा भोळा समज आहे. एकत्र येण्याचे काम माणसांनाच करावे लागते, आणि ते पुन्हा पुन्हा करावे लागते.

आता आपल्याकडे वळू. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स स्पर्धा २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली. गिरण्या बंद झाल्या, कंपन्यांचे संघ मोडले, क्रिकेटने सगळे आकाश व्यापले. हैदराबादची फुटबॉलची परंपराही अशीच आटली. रहीमसाहेबांचे चिरंजीव आणि १९६० च्या ऑलिंपिक पथकातले सय्यद शाहिद हकीम २२ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. सिकंदराबादचे तुलसीदास बलराम १६ फेब्रुवारी २०२३ रोजी गेले. त्याच वर्षी हबीब गेले. एक पूर्ण पिढी दोन वर्षांत उठून गेली आणि आमच्या मुलांनी विचारले, "कोण हबीब?"

आपण आपल्या इतिहासात बादशहा शोधतो, सूफी संत शोधतो, स्वातंत्र्यसैनिक शोधतो. त्यात गैर काही नाही. पण पुष्कळदा हा शोध दुसऱ्याला पुरावा देण्यासाठी असतो: बघा, आम्हीही या देशासाठी काही केले. हबीब यांचे नाव त्या यादीत एक प्रमाणपत्र म्हणून चिकटवावे, असे आम्हाला वाटत नाही. ईस्ट बंगालच्या निर्वासितांनी त्यांच्याकडे कधी प्रमाणपत्र मागितले नाही आणि त्यांनीही कोणाला ते दाखवले नाही. त्यांनी खेळ दाखवला. लोकांनी प्रेम केले. नागरिकत्वाचे याहून निर्मळ रूप आम्हाला तरी माहीत नाही.

म्हणून एक विनंती. ज्यांनी कूपरेजवर हे खेळाडू पाहिले, अशी माणसे अजून आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्यांची वये सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. कोणत्या संघात कोण होते, कोण कुठल्या गिरणीत कामाला होते, सामन्याला जायला कोण रजा टाकीत असे, पराभवानंतर घरी चूल कशी पेटत नसे, हे सगळे इतिहासच आहे. त्यांच्या आठवणीही एक दिवस हबीब यांच्या आठवणींसारख्या विरून जातील, आणि मग विचारायला कोणी उरणार नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना आम्ही आता सगळे सांगितले आहे. चिखल झालेले ईडन, पेले, तो दुसरा गोल. त्यांनी शांतपणे ऐकले. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "चाचा, त्यांचा खेळ बघायला मिळेल का कुठे?" आम्ही म्हणालो, फार थोडा. जेवढा आहे तेवढा बघू या, बाकीचा आठवणाऱ्यांकडून ऐकू या.

अल्लाह मरहूम मोहम्मद हबीब यांची मगफिरत करो. आमीन.